हातमोज्यात दडलेला बूट

होळी झाली की सोलापुरात दुचाकीवरून जाणाऱ्या बायकांच्या हातांवर सुती हातमोजे चढतात. कोपरापर्यंत, कधी थेट दंडापर्यंत. डोक्याला स्कार्फ, अंगात सनकोट, आणि पारा चाळिशी ओलांडून कितीही वर गेला तरी पाऊस येईपर्यंत यातलं काही उतरत नाही. शहराच्या पूर्व भागात हीच वस्तू तेलुगूत मागितली जाते, अक्कलकोटकडून आलेलं गिऱ्हाईक कन्नडमध्ये मागतं, आणि नवी पेठेत भाव मराठीत ठरतो. तिन्ही भाषांतली तिची नावं वेगळी, आणि प्रत्येक नाव ही वस्तू वेगळ्या नजरेने पाहतं. मराठी नावात तर सरळसरळ पायातला बूट आहे. तो तिथे कसा पोचला, हे समजून घेण्यासारखं आहे.

‘मोजा’ हा शब्द फारसी. जुन्या फारसीत ‘मोज़ा’ म्हणजे पोटरीपर्यंत चढवायचा चामडी बूट, मुख्यतः घोडेस्वाराचा. त्याआधी, इराणच्या सासानी राजवटीतल्या पहलवी भाषेत त्याचं रूप ‘मोजग’ असं होतं. अफगाणिस्तानात आणि ताजिकिस्तानात आजही या शब्दाचा अर्थ बूटच आहे. खुद्द इराणमध्ये मात्र बुटासाठी ‘चकमे’ हा वेगळा शब्द चालतो, आणि तिथे आता ‘मूज़े’ म्हटलं तर ऐकणारा संग्रहालय समजतो, कारण म्यूझियमचं फ्रेंच रूप त्याच उच्चाराच्या जागी येऊन बसलं.

बुटाचा पायमोजा होण्याच्या वाटेवर एक मधला टप्पा आहे. मऊ, पातळ चामड्याचे घोट्याच्या वर जाणारे मोजे पायात चढवायचे आणि त्यावर जोडा घालायचा, अशी पद्धत पश्चिम आणि मध्य आशियात रूढ होती. नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, म्हणजे वजूच्या, नियमांतही अशा चामडी मोज्यांचा वेगळा विचार केलेला आहे, आणि उर्दूत त्यांना मोजेच म्हणतात. म्हणजे वस्तू बाहेरच्या बुटातून आतल्या आवरणाकडे सरकली, पुढे चामड्याची जागा सुताने आणि लोकरीने घेतली, नाव तेच राहिलं. मराठीपर्यंत पोचला तो हा, पायाला घट्ट बसणारा मोजा. राजस्थान-गुजरातकडच्या मोजडीत मात्र जुनं पादत्राण अजून शिल्लक आहे.

मराठीने या शब्दाला उच्चारातही चांगली जागा दिली. फारसीतला ‘ज़’ लिहायला हिंदीला खाली टिंब द्यावं लागतं. मराठीत जहाज, जमीन, बाजार, हजार यांतला दाताजवळचा ‘ज’ आधीपासून होता, म्हणून मोजा आला तो टिंब न लागता आला.

मग हाताला घालायची तशीच वस्तू आली. तिला नवं नाव पाडण्याऐवजी मराठीने म्हटलं, हा हाताचा मोजा. जर्मन भाषेने नेमकं हेच केलं आहे. जर्मनमध्ये हातमोजा म्हणजे ‘हांडशू’: हांड म्हणजे हात, शू म्हणजे बूट. डच, डॅनिश, स्वीडिश भाषांतही असाच हाताचा बूट आहे. मराठी आणि जर्मन यांनी हे एकमेकींकडून घेतलेलं नाही. पाय झाकायची वस्तू रोजच्या सवयीची असते आणि हात झाकायची वस्तू मागाहून येते, तेव्हा ओळखीच्या शब्दापुढे अवयवाचं नाव लावणं ही सर्वांत सोपी वाट असते.

याचा एक परिणाम फार गमतीचा आहे. मोजा हा मुळातच पायाचा. त्याला ‘पाय’ जोडायची काही गरज नव्हती. पण हाताचा मोजा भाषेत आल्यावर नुसत्या ‘मोजा’ने कोणता मोजा ते कळेना, म्हणून ‘पायमोजा’ म्हणायची वेळ आली. मोबाइल आल्यावर घरातल्या साध्या फोनला लँडलाइन म्हणावं लागलं, तसंच हे.

आता थोडं आणखी मागे जाऊ, कारण मोज्याची खरी गोष्ट तिथे आहे. इराणी भाषांत पादत्राण चढवणं-उतरवणं या अर्थाचा एक जुना धातू होता, त्यातून हा शब्द निघाला. संस्कृतातला त्याचा भाऊ म्हणजे ‘मुच्’. मुक्त, मुक्ती, मोचन, मोक्ष हे सगळे त्याच्याच घरातले. सोडणं हा मुच् चा अर्थ आपल्या परिचयाचा आहे. पण त्याला ‘प्रति’ हा उपसर्ग लागला की अर्थ उलटतो आणि ‘अंगावर चढवणं’ असा होतो. कवच चढवणं, माळ घालणं यासाठी संस्कृतात प्रतिमुच् वापरतात. जानवं घालतानाच्या मंत्रात ‘प्रतिमुञ्च शुभ्रम्’ हे शब्द येतात, ते याच अर्थाने: हे शुभ्र यज्ञोपवीत धारण कर. नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी घराघरांत जानवी बदलली जातात. तेव्हा म्हटला जाणारा ‘प्रतिमुञ्च’ आणि कपाटातला मोजा हे दूरचे सगे आहेत, हे कळल्यावर मला तरी दोन्ही शब्द वेगळे ऐकू येऊ लागले.

इथे नातं आणि उसनवारी यांतला फरक लक्षात ठेवायला हवा. मोजा हा शब्द संस्कृतातून फारसीत गेला असं नाही. दोन्ही भाषांचे पूर्वज एकच होते, त्या पूर्वजाची मालमत्ता दोघींकडे आली, आणि प्रत्येकीकडे तिचा आवाज थोडा बदलला. फारसीत स्वरांच्या मधला ‘च’ कालांतराने ‘ज़’ झाला. संस्कृतात ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणं, आणि त्याच्या फारसी भावंडातून दिवस या अर्थाचा ‘रोज़’ आला, जो आपण ‘रोज’ म्हणून दररोज वापरतो. रुच् पासून रोज जितका दूर, तितकाच मुच् पासून मोजा दूर.

आणि या बदलाचा साक्षीदार आपल्याच रस्त्यावर बसलेला असतो. ‘मोची’ हा शब्द भारतात फार आधी आला, जेव्हा इराणकडे अजून ‘च’ शिल्लक होता. उत्तरकालीन संस्कृतात पादत्राणं करणाऱ्या कारागिराला ‘मोचिक’ म्हटलेलं आढळतं, आणि तो शब्द बुटाच्या जुन्या इराणी नावावरून बनलेला आहे. त्यानंतर अनेक शतकांनी, ‘च’ चा ‘ज़’ झाल्यावर, तोच शब्द दुसऱ्यांदा आला तो मोजा बनून. मोची आणि मोजा म्हणजे एकाच पाहुण्याच्या दोन खेपा. सोलापुरात चामड्याच्या कामाची मोठी परंपरा आहे. ज्या कारागिरांनी ती चालवली त्यांच्या नावाच्या तळाशी इतका जुना प्रवास आहे, हे लोकांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

याच आवाजाचे आणखी काही शब्द मराठीत आहेत, त्यांचा मात्र इथे संबंध नाही. सातबाऱ्यावरचं ‘मौजे’ अरबी ‘मौज़ा’वरून आलं आहे, अर्थ जागा, गाव. ‘मौज’ ही अरबीत पाण्याची लाट. आणि जमिनीची मोजणी करताना आपण जे मोजतो ते क्रियापद अगदी निराळं.

आता शब्दाचा पहिला अर्धा भाग. हात हा हस्त चा वंशज: संस्कृत हस्त, प्राकृत हत्थ, मराठी हात. हिंदी-उर्दूत हातमोज्याला ‘दस्ताना’ म्हणतात, तो फारसी ‘दस्त’ म्हणजे हात यापासून. ऐकायला हस्त आणि दस्त यांत फक्त एका अक्षराचा फरक, आणि ते खरोखर भाऊच आहेत. मूळच्या एका घोषयुक्त आवाजाचा संस्कृतात ‘ह’ झाला, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाच्या भाषेत ‘ज़’ झाला, आणि प्राचीन फारसीत ‘द’ झाला. म्हणून हस्त, ज़स्त, दस्त. संस्कृतात मी म्हणजे अहम्, अवेस्तेत अज़म्, आणि इराणच्या दारयवहुश (डरायस) राजाच्या बेहिस्तून इथल्या शिलालेखात अदम्. एकाच ओळीत तीन पावलं. हिरण्य या शब्दाची इराणी बहीण ‘ज़’ ने सुरू होते, आणि तिच्याच कुळातून सोनं या अर्थाचा ‘ज़र’ आला. आपली साडीची जर ती हीच, त्यामुळे हिरण्य आणि जरीचे काठ यांचंही रक्त एकच.

दस्ताना मराठीत रुजला नाही, पण दस्त मात्र भरपूर रुजला. दस्तऐवज म्हणजे जो हाताने धरून ठेवायचा, ज्याचा आधार घ्यायचा तो कागद. जबरदस्त म्हणजे ज्याचा हात वर आहे तो. आणि दस्तान्यासारखीच घडण असलेला एक शब्द शिंप्यांच्या बोलण्यात आला: अंगुस्तान. सुई टोचू नये म्हणून बोटाच्या टोकावर घालायची धातूची टोपी. फारसी ‘अंगुश्त’ म्हणजे बोट, आणि त्याचं संस्कृत भावंड अंगुष्ठ. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांच्या सोलापुरात शिलाई यंत्रावर होते, तरी हातशिलाई करणाऱ्या जुन्या कारागिराला अंगुस्तान म्हटल्यावर समजवावं लागत नाही.

मराठी ‘हात’ समासात किती वेगवेगळी कामं करतो तेही पाहायला हवं, आणि त्यासाठी विणकरांच्या गावाइतकं चांगलं ठिकाण नाही. हातमाग म्हणजे हाताने चालवायचा माग. हातरुमाल म्हणजे हाती ठेवायचा रुमाल. हातमोजा म्हणजे हातासाठीचा मोजा. पहिल्यात हात हे साधन, दुसऱ्यात जागा, तिसऱ्यात ज्याच्यासाठी वस्तू आहे तो. समासात विभक्ती गळून पडते आणि तरी मराठी माणूस कधी गोंधळत नाही. हातमोजा हाताने चालवतात असं कुणाच्या मनातही येत नाही.

शेजारच्या भाषांकडे वळू. कन्नडमध्ये हातमोजा म्हणजे ‘कैगवसु’. कै म्हणजे हात, गवसु म्हणजे खोळ. मराठी वाचकाला हा गवसु ओळखीचा वाटेल. तंबोऱ्याला आपण जी खोळ घालतो ती गवसणी, आणि आकाशाला घालतात तीही गवसणीच. कन्नड गवसणिगे आणि मराठी गवसणी यांचं नातं घट्ट आहे. तेलुगूत हातमोजा ‘चेति तोडुगु’: हाताला चढवायचं ते. कन्नड कै आणि तेलुगू चेयि हे पुन्हा एकच शब्द. पुढे ए-ई सारखा स्वर आला की तेलुगूने जुन्या ‘क’ चा ‘च’ केला, कन्नडने ‘क’ तसाच ठेवला. कान याला कन्नडमध्ये किवि, तेलुगूत चेवि. सोलापूरच्या एखाद्या चौकात उभं राहिलं तर हा भाषाशास्त्राचा नियम शेजारीशेजारी चाललेल्या दोन संभाषणांत ऐकू येतो.

कन्नडमध्ये पायमोजा म्हणजे ‘कालुचील’, पायाची पिशवी. आणि जपानी भाषेत हातमोजा म्हणजे ‘तेबुकुरो’, हाताची पिशवी. कन्नडमध्ये ‘कैचील’ म्हटलं तर मात्र हातात धरायची पिशवीच समोर येते. तेच दोन घटक, पण एका भाषेत हात पिशवीच्या आत आणि दुसरीत बाहेर. रशियन लोकांनी नाव बोटांवरून ठेवलं, पोलिश लोकांनी बाहीवरून. बूट, पिशवी, खोळ, बोट, बाही: जगभर हाताच्या आवरणाला स्वतःचं असं नाव क्वचितच मिळालं आहे.

मोजा येण्याआधी आपल्याकडे हात झाकतच नव्हते का? झाकत होते, पण थंडीसाठी नव्हे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातलं पंचाहत्तरावं सूक्त युद्धाच्या साहित्याबद्दल आहे. त्यात धनुष्य, प्रत्यंचा, भाता यांच्याबरोबर ‘हस्तघ्न’ येतो. बाण सुटल्यावर प्रत्यंचा परतून डाव्या हातावर सपकन बसते. तो फटका झेलण्यासाठी मनगटापासून वर गुंडाळायचं आवरण म्हणजे हस्तघ्न. ऋषी म्हणतो, ‘अहिरिव भोगैः पर्येति बाहुम्’: साप जसा वेटोळ्यांनी वेढतो तसा हा बाहूला वेढतो आणि दोरीचा आघात परतवतो. शत्रुघ्न, कृतघ्न यांच्यावरून पाहिलं तर हस्तघ्न म्हणजे हाताचा नाश करणारा असं वाटेल. पण वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या निरुक्त या ग्रंथात यास्काने ती वेगळी केली आहे: हातावर जिथे आघात होतो तो. ही ओळ मला फार प्रिय आहे. चामड्याच्या एका पट्ट्याला इतक्या कृतज्ञतेने कुणी संबोधलेलं दुसरीकडे माझ्या वाचनात नाही. ‘सर्व रीती जाणणारा हा पुरुष पुरुषाचं सर्व बाजूंनी रक्षण करो’, असं त्याला तिथे म्हटलं आहे.

पुढच्या काळात याच वस्तूला ‘गोधा’ म्हणू लागले. गोधा म्हणजे घोरपड. महाभारतातले योद्धे गोधा आणि अंगुलित्राण बांधून रणात उतरतात, म्हणजे हाताला चामडी पट्टा आणि बोटांना आवरण.

आणि मग आपला दांडपट्टा. बहुतेक तलवारींची मूठ उघडी असते, पट्ट्याची मूठ पोलादी खोबळ्याच्या आत असते. हात आत घालून आडवी मूठ धरायची, आणि खोबळा मनगट झाकत कोपराकडे जातो. त्यामुळे मनगट वळत नाही, सगळा वार दंडातून आणि खांद्यातून फिरतो. इथे हातमोजा आणि शस्त्र हे दोन राहतच नाहीत.

युरोपात पोलादी हातमोज्याला ‘गाँटलेट’ म्हणतात, आणि हा शब्द समजायला मराठी माणसाजवळ एक चांगली किल्ली आहे. जर्मन कुळातल्या फ्रँक लोकांच्या भाषेत हातमोजा म्हणजे ‘वांट’. हे लोक आजच्या फ्रान्समध्ये आले तेव्हा त्यांचे शब्द तिथल्या लोकांनी उचलले, पण त्यांना सुरुवातीचा ‘व’ जमेना, त्याचा ‘ग’ झाला. वांट चा झाला ‘गाँ’, आणि त्याचं लहान रूप गाँटलेट. हाच बदल आपण दुकानात रोज ऐकतो. वॉरंटी आणि गॅरंटी हा मुळात एकच शब्द. एक रूप उत्तर फ्रान्सच्या बोलीतून ‘व’ घेऊन इंग्रजीत आलं, दुसरं ‘ग’ घेऊन. इंग्रजीतला ‘ग्लोव्ह’ निराळा आहे. तो अँग्लो-सॅक्सन काळातल्या ‘ग्लोफ’पासून आला, आणि त्याच्या पोटात तळहात या अर्थाचा ‘लोफा’ असावा असं अभ्यासक मानतात.

युरोपातले सरदार आव्हान देताना हातमोजा जमिनीवर फेकायचे आणि जो आव्हान स्वीकारेल तो उचलायचा. आपल्या दरबारात तबकात विडा ठेवायचे आणि जो कामगिरी अंगावर घेईल तो उचलायचा. इंग्रजी मजकुरात ‘त्याने हातमोजा उचलला’ असं आलं की मराठीत ‘त्याने विडा उचलला’ इतकंच पुरतं. मराठीत हातावरच्या म्हणी आणि वाक्प्रचार मोजता येणार नाहीत इतके आहेत, हातमोज्यावरचा मात्र मला एकही आठवत नाही. इथल्या हवेत हात उघडाच राहिला.

आजवर सांगितलेलं प्रत्येक आवरण घालणाऱ्याच्या हाताचं रक्षण करणारं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा अर्थ बदलला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हाल्स्टेड हे शल्यचिकित्सक होते. कॅरोलाइन हॅम्प्टन या त्यांच्या परिचारिकेच्या हातांना जंतुनाशक द्रावणातल्या पाऱ्याच्या क्षारामुळे त्वचारोग झाला. १८८९-९० च्या हिवाळ्यात हाल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करून घेतले. हेतू होता तिची त्वचा वाचवण्याचा. पुढच्या काही वर्षांत ध्यानात आलं की हातमोजे घालून शस्त्रक्रिया केली की रुग्णांच्या जखमा कमी चिघळतात. तेव्हापासून दवाखान्यातला हातमोजा दोघांना एकदम वाचवतो: घालणाऱ्याला आणि ज्याला स्पर्श होतो त्यालाही.

सोलापूरकरांना याची किंमत एका जवळच्या माणसाच्या गोष्टीतून कळते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथे १९१० साली जन्मले, भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते जपानशी लढणाऱ्या चीनला गेले. ज्या आघाडीवर ते पुढे काम करणार होते तिथे त्यांच्या आधी नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यचिकित्सक होते. साहित्याची इतकी टंचाई की हातमोज्यांविना शस्त्रक्रिया चालायच्या. बेथ्यून यांच्या बोटाला शस्त्रक्रियेत जखम झाली, संसर्ग रक्तात पसरला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाची जबाबदारी १९४१ मध्ये कोटणीसांवर आली, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेही चीनमध्येच वारले.

आता दुकानात ‘हातमोजे द्या’ म्हणणारे कमी होत चालले आहेत. बहुतेक जण ‘हँडग्लोज’ मागतात. इंग्रजी जाणणारे यावर नाक मुरडतात: ग्लोव्ह हा हाताचाच असतो, मग पुढे हँड कशाला? माझ्या मते हे मराठी कानाचं काम आहे. मराठीत आवरणाच्या नावाआधी अवयव लागतो, हातमोजा, पायमोजा. म्हणून ग्लोव्हही या भाषेत आला तो तसाच, पुढे हात लावून, आणि इंग्रजीतल्या शेवटच्या ‘व्ह्ज’ चा सुटसुटीत ‘ज’ करून. पायमोज्यांच्या जागी ‘सॉक्स’ आले त्यांना मात्र पाय चिकटला नाही, कारण हाताचे सॉक्स अजून कुणी विकायला आणलेले नाहीत.